डोळ्यांखालचे सोमवार

नगर,
६ ऑगस्ट १९७१

चि. सौ. सरोजिनीस,
अनेक आशीर्वाद.

'तुझं पत्र मिळालं' असं लिहायची पद्धत आहे. मला ते लिहिता येत नाही, कारण पत्र मिळालं नाही. पत्राचे तीन तुकडे मिळाले. आंतरदेशीय पत्राच्या पट्टीला सरकार स्वतःच्या खर्चानं डिंक लावून देतं. सरकारवर तुझा विश्वास नसेल तर तो तुझा प्रश्न. पण त्या डिंकावर घरच्या खळीचा गिलावा करायचं कारण काय? पोस्टमननं ते टेबलावर टाकलं तेव्हा फरशी टाकल्यासारखा आवाज झाला. मी नख लावून पाहिलं, चाकू लावून पाहिला, शेवटी दोन्ही हातांनी ओढलं. पत्र 'दादास' आणि 'कळावे' यांच्या मधोमध फाटलं. या देशात माणसाला आपल्याच मावसबहिणीचं पत्र सलग वाचायचा हक्क उरलेला नाही, हे स्वातंत्र्याला चोवीस वर्षं होत असताना नमूद करून ठेवतो.

पट्टीच्या आत एक ओळ होती, ती खळीत गेली. तिच्यातला 'सोळा' आणि शेवटचा 'सांगा' एवढेच दोन शब्द हाती लागले. सोळा काय? सोळा उपाय? आणि तू मला 'सांगा' कधीपासून म्हणायला लागलीस? जन्मभर 'ए दादा' करत आलीस. काम असलं की वयाचा मान आठवतो, असं दिसतं.

काम कळलं. सुचित्राच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत, आणि ती जाईपर्यंत तिचं लग्न जमायचं नाही, असं तुझं, यजमानांचं आणि आळीतल्या यच्चयावत बायकांचं एकमत झालं आहे. नेवाशात इतकं एकमत नळाच्या पाण्यावरसुद्धा कधी झालं नसेल. कारणंही तू कळवली आहेस. मुलगी वाचते फार. मुलगी विचार करते फार. पालथी झोपते, लहानपणी माती खायची, अंगात उष्णता आहे आणि शिवाय कुणाची तरी दृष्ट लागली आहे. एवढी कारणं असताना वर्तुळं दोनच कशी, याचं मला नवल वाटतं.

जूनमध्ये ती इथे आली होती तेव्हा मी काढलेल्या फोटोची निगेटिव्ह माझ्याकडे आहे. 'तेवढं काळं पुसून दे' म्हणतेस. देतो. पंचवीस वर्षं या स्टुडिओत बसून मी नगर जिल्ह्यातल्या निम्म्या सुनांची नाकं सरळ केली आहेत आणि जावयांच्या गालांवरच्या देवीच्या खळ्या बुजवल्या आहेत. डोळ्यांखालचं काळं म्हणजे हातचा मळ. निगेटिव्हमध्ये ते काळं नसतंच. तिथे काच मोकळी दिसते. तेवढ्या मोकळ्या जागेत टोकदार पेन्सिल फिरवली की कागदावर चेहरा स्वच्छ उतरतो. आठ दिवसांत पाठवतो.

यजमानांना नमस्कार. तुझ्या वहिनीनं कुरडया पोचल्याचं कळवायला सांगितलं आहे. त्या मात्र सुट्ट्या होत्या.

तुझा,
नृसिंहदादा

*

नेवासा,
१९ ऑगस्ट १९७१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोटो मिळाला. खोटं कशाला बोलू, मी दारातच उभी राहून पाहिला आणि डोळ्यांत पाणी आलं. ही माझीच मुलगी, आणि एवढी छान दिसते! यांनी भिंग लावून पाहिलं, एक रेघ सापडली नाही. हात तुझा सोन्याचा आहे. जीभ कुठली आहे ते देवाला माहीत.

खळ लावायचं काम सुचित्राचं. मी पत्र लिहून तिच्याकडे देते, ती मन लावून चिकटवते. शाळेत पहिली-दुसरीच्या पोरांना चिकटकाम शिकवते ना, हात बसलाय. ती नीट काम करते म्हणून तिला बोल लावायचा, ही तुझीच तऱ्हा.

आणि त्या सोळांची थट्टा नको. तुला कुणी सांगितलं ठाऊक नाही, मी तर लिहिल्याचं आठवत नाही. पण कळलंच आहे तर गप्प बस. तुझा विश्वास नाही, माझा आहे. विषय संपला.

उपायांचं मात्र लिहिते, कारण तुला दुसऱ्याच्या घरातलं ऐकायला आवडतं. सकाळी दुधाची साय आणि हळद. शाळेतून आली की काकडीचे काप. दिवेलागणीला बटाट्याचा कीस फडक्यात बांधून. झोपताना बदामाचं तेल, करंगळीनं, आतून बाहेर. बाहेरून आत फिरवलं तर डोळा खोल जातो म्हणे. शुक्रवारी दुधात उगाळलेलं जायफळ. आणि बायडाबाई दूध घालायला येते, तिनं मीठमोहऱ्या उतरवल्या. म्हणाली, "बाई, दिष्ट लई जुनी हाय. मोवऱ्या तडतडल्या न्हाईत, नुसत्या फुसफुसल्या." आता यावर काय म्हणशील?

फोटो राहात्याला पाठवला आहे. मुलगा रविकांत, साखर कारखान्यात केमिस्ट. घरची पेरूची बाग. आईचा शब्द घरात शेवटचा, पण माणसं चांगली आहेत असं ऐकते. त्यांना फोटो फार आवडल्याचं मध्यस्थांनी कळवलं. नवरात्रात बघायला येतो म्हणाले.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
सरोजिनी

*

नगर,
२ सप्टेंबर १९७१

चि. सौ. सरोजिनीस,
अनेक आशीर्वाद.

यावेळचं पत्र दोनच तुकड्यांत उघडलं. प्रगती आहे.

तुझी उपायांची यादी तुझ्या वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं विचारलं, "हे औषध चाललंय की कोशिंबीर?" सरे, दूध, साय, काकडी, बटाटा, बदाम, जायफळ: तुमच्या घरी मुलीचं कातडं जेवतंय. चारी ठाव जेवतंय. कधीमधी मुलीच्या तोंडालाही विचारत जा, तुला काही हवं का म्हणून. बदाम ही वस्तू देवानं दातांसमोर ठेवली आहे. तू ती डोळ्यांखाली चोळतेस आणि वर दिशा ठरवतेस, आतून बाहेर! माणसाच्या चेहऱ्याला एकेरी वाहतूक लावणारी तू पहिलीच.

बायडाबाईबद्दल मात्र माझं मत चांगलं झालं. मोहऱ्या फुसफुसल्या हे तिनं खरं सांगितलं. दमट असतील. दुसरी असती तर तडतडल्या म्हणून मोकळी झाली असती.

उगाच एवढी उस्तवार करतेस. तुझ्या साय-हळदीला जे तीन वर्षांत जमलं नाही ते माझ्या पेन्सिलीनं पाऊण तासात केलं. त्या पाऊण तासात मी तिच्या डोळ्यांखालच्या त्या दोन कोयऱ्या भिंगातून इतक्या जवळून पाहिल्या आहेत की त्यांचा नकाशा काढून देईन. डावी जरा मोठी आहे. राहात्याच्या केमिस्टाला आवडला ना फोटो? मग झालं. लग्न होईपर्यंत त्यानं फोटोकडे बघावं, लग्नानंतर तसंही कोण कुणाच्या डोळ्यांखाली बघतं?

सोळा उपायांवर तुझी एवढी श्रद्धा असेल तर मी बापडा गप्प बसतो. मी मोजले ते सहाच भरले. उरलेले दहा गुप्त असतील.

तुझा,
नृसिंहदादा

*

नेवासा,
३ ऑक्टोबर १९७१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुला नमस्कार करायचं मनात नव्हतं, पण रीत मोडवत नाही.

राहात्याची माणसं सोमवारी येऊन गेली. अष्टमी होती, चांगला दिवस म्हणून आम्हीच तो दिला होता. मुलगा, वडील, आई आणि मध्यस्थ. सुचित्रा पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईनं पर्समधून तुझा फोटो काढला, चष्मा लावला आणि फोटो वर धरून एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे, असं तीनदा पाहिलं. कापड दुकानात अस्तराचा रंग जुळवतात तसं. मग मला विचारलं, "ही मोठी का? फोटोतली धाकटी कुठंय?"

मी म्हटलं, "अहो, हीच ती."

"हीच?" त्या म्हणाल्या, "मग फोटोवाला चांगलाय. पत्ता द्या, आमच्या धाकट्याला लागेल."

दादा, ते सगळे हसले. मुलगा हसला नाही, पण त्यानं पोहेही खाली ठेवले नाहीत. सुचित्रा खाली मान घालून उभी. तुझ्या सोन्याच्या हातानं माझ्या मुलीला तिच्याच घरात खोटी पाडली. ती आहे तशी गेली असती तर नुसता नकार आला असता. नकाराची आम्हाला सवय आहे. हसण्याची नव्हती.

ते गेले आणि ती रिकाम्या बश्या उचलायला वाकली ती तशीच खाली आली. चार बश्या फुटल्या. बायडाबाई दुधाला आली होती, तिनंच धावत येऊन मांडीवर डोकं घेतलं. म्हणाली, "पोरगी पांढरीफट पडलीया, आदी तोंडात काय तरी घाला, मग रडा." मी म्हटलं, आत्ता चालत नाही, आज चालत नाही. मग पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी हे तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. नवीनच आलेत, तरुण आहेत, भरभर बोलतात. त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि कागदावर इंग्रजीत लिहून दिलं. तो कागद यांच्या सदऱ्याबरोबर धुण्यात गेला. पण यांच्या पक्कं लक्षात आहे: आयर्न, दिवसातून दोनदा, जेवणानंतर, तीन महिने. आम्ही त्याच दिवसापासून सुरू केलं. शेजारची कोळशाची इस्त्री आणतो. रुमालाची चौघडी करून इस्त्रीखाली कडक तापवायची आणि डोळ्यांखाली शेक द्यायचा. एकदा जरा भाजलं, पण यांचं म्हणणं, डॉक्टर सांगतात ते उगाच नसतं. आत गोठलेलं काळं शेकानं पसरून जात असेल.

तुझ्यापेक्षा तो डॉक्टर बरा. निदान पुसून टाकू म्हणाला नाही.

सरोजिनी

*

नगर,
९ ऑक्टोबर १९७१

चि. सौ. सरोजिनीस,
अनेक आशीर्वाद.

आधी ती इस्त्री परत कर. पत्र खाली ठेव, इस्त्री परत करून ये, मग पुढे वाच.

आलीस? आता ऐक. यजमान कचेरीत साहेबांच्या हाताखाली बावीस वर्षं आहेत. साहेब शिपायाला 'आयर्न' म्हणतो तेव्हा त्याला कडक विजार हवी असते. डॉक्टर 'आयर्न' म्हणतो तेव्हा त्याला लोह हवं असतं. लोह! रक्तात असतं ते. त्याच्या गोळ्या मिळतात, काळपट, चव गंजक्या खिळ्यासारखी. त्या पोटात घ्यायच्या असतात. जगात आजवर अनेक रोग्यांनी अनेक चुकीची औषधं घेतली असतील, पण औषध म्हणून चेहऱ्याला इस्त्री करून घेणारी माझी भाची इतिहासात एकटी. 'जेवणानंतर' म्हणजे कपडे इस्त्री करण्याची वेळ असते का, एवढा तरी विचार करायचा!

फोटोचं म्हणशील तर तो तू मागितलास, मी दिला. हे उत्तर कायद्यात बसतं. मनात बसत नाही, म्हणून पुढे लिहीत नाही.

पण एक गोष्ट मला तुझ्याच पत्रातली टोचते आहे. पोर चक्कर येऊन पडली. दूधवाली म्हणते, तोंडात काही तरी घाला. आणि तू म्हणतेस, आज चालत नाही. काय चालत नाही? डॉक्टर पापणी ओढून सांगतो की हिच्यात रक्त नाही. बावीस वर्षांच्या, भरल्या घरातल्या, नोकरी करणाऱ्या मुलीत रक्त का नाही? घरात दूध आहे, बदाम आहेत, सगळं आहे, ते चेहऱ्यावरून ओघळून जातं, हे मला माहीत आहे. मी विचारतो ते हे, की पोटात काय जातं? आठवड्याचा हिशेब वारानुसार लिहून पाठव. या वेळी थट्टा करत नाही.

तुझा,
नृसिंहदादा

*

नेवासा,
१३ ऑक्टोबर १९७१

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र शाळेतून लिहिते आहे. आई तुम्हाला पत्र लिहायची नाही. तुम्ही वारांचा हिशेब मागितलात ते तिला झोंबलं. म्हणाली, देवाच्या वारांचा हिशेब मागणारा हा कोण?

इस्त्री परत केली. आभारी आहे. डावीकडे छोटा डाग राहिला आहे, पण तो काळ्यातच असल्यामुळे दिसत नाही.

हिशेब मी देते. सोमवार, सोळा सोमवारांचा: दिवसभर काही नाही, संध्याकाळी पूजा झाली की कणकेचा चुरमा, त्याचाही तिसरा हिस्सा. मीठ नाही. गुरुवार दत्ताचा. शनिवार साडेसातीचा, ज्योतिषांनी सांगितलेला. दोन एकादश्या, एक चतुर्थी. राहात्याची माणसं आली तेव्हा वर नवरात्रही होतं. मधल्या दिवशी जेवते, पण मामा, एक दिवसाआड जेवायची पोटाला सवय होत नाही, ते दोन्ही दिवस नको म्हणतं. मग चहा पिते. चहा बऱ्याच उपासांना चालतो.

सोळा सोमवारांची ही तिसरी खेप. पहिल्या वर्षी स्थळ आलं नाही म्हणून दुसऱ्या वर्षी धरले. दुसऱ्या वर्षी आलेल्या स्थळानं डोळ्यांखाली काळं आहे म्हणून नकार दिला, म्हणून तिसऱ्या वर्षी ते काळं जावं यासाठी धरले. शाळेत मी पोरांना शिकवते की गोल काढताना पेन्सिल जिथून निघाली तिथंच परत आली पाहिजे. शिकवताना हसू येतं.

मला लग्न नको असं नाही. मला चक्कर नको.

मामा, तुम्हाला मी हे ऑगस्टमध्येच कळवलं होतं. आईच्या पत्राच्या पट्टीखाली, जिथे खळ लावतात तिथे, एक ओळ लिहिली होती: 'मामा, सोळा सोमवार तिसऱ्यांदा चालू आहेत, उभं राहवत नाही, आई तुमचंच ऐकते, तिला बंद कर म्हणून सांगा.' मग वरून खळ मुद्दाम जाड लावली, आईनं सहज उघडून पाहू नये म्हणून. लहानपणी तुम्ही मला पुठ्ठ्यावर चिकटलेला जुना फोटो सोडवून दाखवला होता. ताटात पाणी घेऊन त्यात तो ठेवला होतात आणि म्हणाला होतात, "ओढायचं नाही पोरी, भिजवायचं. आपोआप सुटतं." मला वाटलं, तुम्ही पत्रही भिजवाल.

रागावून लिहीत नाही. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी ओढलंच असतं.

तुमची,
सुचित्रा

ता. क. आईला या पत्राबद्दल सांगू नका.

*

नगर,
१६ ऑक्टोबर १९७१

चि. सौ. सरोजिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू हिशेब पाठवला नाहीस. मीच मांडला. राहात्याची माणसं सोमवारी आली. पोर सोमवारी पडली. 'आज चालत नाही' सोमवारी म्हणालीस. आणि 'सोळांची थट्टा नको' हे तुझ्याच हातचं वाक्य माझ्यापाशी अखंड आहे. माणूस कितीही मठ्ठ असला तरी सोळा आणि सोमवार यांची बेरीज त्याला दोन महिन्यांत जमते. मला जमायला तेवढेच लागले. मी सोळा उपाय, सोळा उपाय करत हसत बसलो होतो. तू मला लहानपणी 'शहाणा' म्हणायचीस ते चिडवायला म्हणायचीस, हे आज कळलं.

चिडू नकोस, देवाला मी मध्ये आणत नाही. त्याला मध्ये तू आणलंस. ज्या मुलीला नवरा मिळावा म्हणून उपाशी ठेवायचं, तिचं उपासानं रक्त आटलं की डोळ्यांखाली काळं यायचं, ते काळं बघून नवरा पळायचा, आणि तो पळाला म्हणून पुन्हा उपास धरायचे! शंकरानं एकदा हलाहल प्यायलं ते जगाचं भलं व्हावं म्हणून. तुझ्या स्वयंपाकघरात त्यानं काय काय प्यावं अशी तुझी अपेक्षा आहे?

आता एक वस्तू सोबत पाठवतो आहे. ती उजेडात धरून बघ. काच सांभाळ, फुटेल. ही १९४८ची निगेटिव्ह आहे. तुझ्या लग्नाआधीचा फोटो. मी तेव्हा मालकांच्या हाताखाली नवशिका होतो आणि मला स्वतंत्रपणे दिलेलं ते पहिलं काम. चेहऱ्यावर डोळ्यांखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा दिसतील. कशाच्या आहेत, ओळख. तुझ्याही होती, सरे. तुझ्या आईलाही होती, मावशीचा चेहरा आठव. काही काळं रक्त कमी झाल्यानं येतं, काही रक्तातूनच येतं. तुझं मी पुसलं, तू वरमाला घालून मोकळी झालीस, आणि तेवीस वर्षांनी पोटच्या पोरीला विचारतेस, हे तुझ्याकडे आलं कुठून?

भाऊबीज तोंडावर आली. दर वर्षी तू ओवाळतेस आणि मी ताटात काही तरी टाकतो. या वर्षी मला ओवाळणी दे. मला तीन सोमवार दे. श्रावणापासून मोजले तर परवाचा तेरावा. तो तिनं न धरता मोडला, तर त्याचा दोष माझ्या नावावर. २५, १ आणि ८ तारखेचे शेवटचे तीन मी धरतो. शास्त्र मला सांगू नकोस. घरात बाईला अडचण आली की तिचा सोमवार दुसरं माणूस धरतं, हे तुझ्या गुरुजींना विचार. रक्त नसणं ही अडचण नाही असं ते म्हणाले, तर त्यांचा फोटो मी कधीच नीट काढणार नाही.

आणि सुचित्राला दिवाळीच्या सुट्टीत इथे धाड. इथे एक डॉक्टरीणबाई आहेत. त्या हळू बोलतात आणि कागद मराठीत देतात.

तुझा,
नृसिंहदादा

*

नेवासा,
२१ ऑक्टोबर १९७१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू आला नाहीस, चंद्राला ओवाळलं.

काच दोन दिवस पाहिली नाही. तिसऱ्या दिवशी सुचित्रा देवळात गेल्यावर खिडकीशी धरली. मग आरशासमोर गेले. चाळीस वर्षं तो चेहरा घेऊन वावरले, आणि मला वाटायचं ते चष्म्याचे डाग आहेत. यांनाही विचारलं, "लग्नानंतर तुम्हाला कधी दिसलं नाही?" हे म्हणाले, "दिसलं होतं. मला वाटलं, माझ्याकडे आल्यावर आलं." तेवीस वर्षं या माणसानं तो दोष आपल्याकडे घेऊन ठेवला होता. मला हसावं का रडावं कळेना.

सोमवारी ती जेवली. मी वाढलं. पहिला घास घेताना तिनं माझ्याकडे पाहिलं, दादा, ते मी तुला लिहिणार नाही.

गुरुजी म्हणाले, चालतं. पण तू? एकादशीला कांदाभजी खाणारा तू सोमवार धरणार? धरायचा तर नीट धर. मीठ नाही. पान नाही. विडी तर नाहीच. चुरम्याचे तीन भाग: एक देवाचा, एक वाटायचा, एक आपला. आपल्या भागातलं पानात टाकायचं नाही. आणि तोंडातून दिवसभर वाकडा शब्द नाही. हे शेवटचं मी घातलं आहे, पण पाळायचं.

शनिवार मी माझ्याकडे घेतला. साडेसाती आईला लागली तरी चालत असेल. गुरुवार दत्ताला सांगून सोडला. तो काही बोलला नाही.

सुचित्रा शनिवारच्या एस.टी.नं येते. सोबत बायडाबाईनं शेरभर तूप दिलंय. म्हणाली, "त्वांडाला लावू नगा, त्वांडात घाला."

तुझी,
सरोजिनी

*

नगर,
९ नोव्हेंबर १९७१

चि. सौ. सरोजिनीस,
अनेक आशीर्वाद.

सुचित्रा उद्या दुपारी पोचेल. हे पत्र तिच्याच हाती देतो आहे. चिकटवलं आहे मी.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. आकडा सांगत नाही, तुला कळायचा नाही आणि मला सांगवत नाही. आता सोबत गोळ्या आहेत, कागद मराठीत आहे, यजमानांच्या खिशात देऊ नये. गोळीवर चहा द्यायचा नाही, लिंबू चालेल. वर्तुळांचं मी विचारलं. बाई म्हणाल्या, आधी रक्त भरेल, मग ताकद, रंग सगळ्यांत शेवटी. थोडा राहील, तो घरचा आहे. मी म्हटलं, घरच्या वस्तूबद्दल आमची तक्रार नाही. साय, बटाटा, जायफळ यांनी काय होतं? बाई म्हणाल्या, गार वाटतं.

पंधरा दिवसांत तिनं तुझ्या वहिनीच्या हातच्या किती भाकऱ्या खाल्ल्या ते तीच सांगेल. काल सकाळी स्टुडिओच्या जिन्याच्या चौदा पायऱ्या न थांबता चढून आली आणि वर येऊन म्हणाली, "मामा, दम लागला नाही." एवढ्याशा गोष्टीवर मी चेष्टा करणार होतो, पण सोमवार होता.

सोमवारांचं. पहिल्या दिवशी दुपारी दोन वाजता मला माझ्या स्टुडिओतल्या पडद्यावरचे रंगवलेले आंबे खरे वाटू लागले. दुसऱ्या सोमवारी एका गिऱ्हाइकाचं कपाळ मी रिटच करताना पूर्णच पुसलं. तिसऱ्या सोमवारी, म्हणजे काल, शेवटच्या सोमवारी, काही झालं नाही. नुसता बसून राहिलो. बावीस वर्षांच्या मुलीनं असे अठ्ठेचाळीस काढायचे होते, त्यातले चव्वेचाळीस काढले, एक माझ्या नावावर मोडला. मी तीन काढले आणि त्यावर एवढं लिहिलं. चुरम्याचे भाग केले. देवाचा देवाला, वाटायचा सुचित्राला. तिनं मागून घेतला, मग माझ्याही भागातला अर्धा घेतला. पानात काही टाकलं नाही.

तोंडातून वाकडा शब्द, तुझ्या अटीप्रमाणे, तीनही दिवस नाही. गिऱ्हाइकांनी वहिनीला विचारलं, साहेबांना बरं नाही का?

सोबत तिचा नवा फोटो आणि त्याची काच आहे. काल संध्याकाळी चुरमा खाल्ल्यावर काढला. काच उजेडात धरून बघ, पेन्सिलीची एकही रेघ सापडायची नाही. राहात्याला पाठवायचा तर पाठव, न पाठवायचा तर भिंतीला लाव. ओठाला थोडी कणीक लागली आहे. ती पुसावी का म्हणून विचारलं, तर ती नको म्हणाली.

यजमानांना नमस्कार. त्यांनी तो दोष तेवीस वर्षं स्वतःकडे ठेवला, यासाठी वेगळा.

तुझा,
नृसिंहदादा

(याच पत्राच्या पट्टीच्या आत, खळीखाली:)

सुचित्रा, भिजवून उघडलंस ना? ऑगस्टमधले तुकडे जपून ठेवले होते. भिजवले. पाच मिनिटांत सुटले, ओळ जशीच्या तशी निघाली. उत्तर द्यायचं राहिलं होतं. सांगितलं.